घसा दुखतोय, बाकी काही नाही

थंडीची चाहूल लागली की आमच्या हापिसात एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. सोमवारी कुणीतरी "घसा जरा धरलाय" म्हणतो आणि गुरुवारपर्यंत अख्खी रांग खाकरत असते. मग प्रत्येकाचं वैद्यकीय ज्ञान बाहेर येतं. कुणी हळद-दूध सुचवतं, कुणी ज्येष्ठमधाची कांडी, कुणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आणि एक तरी शहाणा ड्रॉवर उघडून अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी पुढे करतो. "घे रे, तीन दिवसांत खडखडीत!" आवाज असा का येतोय म्हणून कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: काही नाही, घसा दुखतोय.

हे "काही नाही" बहुतेक वेळा खरंच असतं, हे आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि विकांताला इतिहास वाचतो. पण आमच्या धंद्यातल्या लोकांना एक गोष्ट लगेच कळेल. सगळ्यात वैताग आणणारा एरर मेसेज कुठला? "काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा." मागे नेटवर्क गेलेलं असू शकतं, डिस्क भरलेली असू शकते किंवा आख्खा डेटाबेस उडालेला असू शकतो, समोर वाक्य मात्र तेच. घशाचंही तसंच आहे. साधी सर्दी असो, जिवाणू असो, गळू असो नाहीतर कर्करोग, सुरुवातीला तो एवढंच सांगतो की दुखतंय, खवखवतंय, आवाज बसलाय. या एका तक्रारीमागचे आजार एकमेकांपासून वेगळे ओळखायला माणसाला गेली सव्वादोनशे वर्षं लागली आहेत. त्यात राष्ट्राध्यक्ष गेले, राजकन्या गेल्या, एक सम्राट गेला, आणि ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत अशी लाखो मुलं गेली.

सुरुवात जॉर्ज वॉशिंग्टनपासून करू. राष्ट्राध्यक्षपद सोडून ते माउंट व्हर्नन या आपल्या शेतावर राहत होते. १२ डिसेंबर १७९९ ला बर्फ, गारा आणि पावसात त्यांनी घोड्यावरून शेताला चक्कर मारली. १३ तारखेला घसा दुखायला लागला, आवाज बसला. औषध घ्यायला त्यांनी नकार दिला, सर्दी आपोआप जाईल असं त्यांचं मत. (ओळखीचं वाटतंय ना?) १४ तारखेच्या पहाटे ते उठले तेव्हा धड बोलता येत नव्हतं आणि श्वास घ्यायला त्रास होत होता.

पुढे जे झालं ते त्यांचे सचिव टोबायस लिअर यांनी तपशीलवार लिहून ठेवलंय. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचं मिश्रण पाजायचा प्रयत्न झाला, तर ते गिळता येईना आणि जीव गुदमरला. गुळण्या करायला गेले तरी तेच. मग रक्त काढणं सुरू झालं. त्या काळात ताप आणि सूज यांवरचा तोच राजमान्य उपाय होता. दिवसभरात चार वेळा मिळून अंदाजे सव्वादोन लिटरच्या वर रक्त काढलं गेलं. माणसाच्या अंगात असतं साधारण पाच-सहा लिटर! हजर असलेल्या तीन डॉक्टरांपैकी सगळ्यात तरुण होते एलिशा डिक. त्यांनी सुचवलं की गळ्याला छेद देऊन श्वासनळी उघडू या. बाकीच्या दोघांनी ते मानलं नाही. रात्री दहाच्या पुढे वॉशिंग्टन वारले. घसा दुखायला लागल्यापासून दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

आज त्यांच्या लक्षणांची नोंद वाचणाऱ्या बहुतेक डॉक्टरांचं मत असं की हा अक्यूट एपिग्लॉटायटिस असावा. श्वासनळीच्या तोंडाशी एक झाकण असतं. आपण घास गिळतो तेव्हा ते मिटतं, म्हणून अन्न श्वासनळीत जात नाही. त्या झाकणाला संसर्ग होऊन ते सुजलं की श्वासाची वाटच बंद होते. तरुण डॉक्टर डिक यांना झाकणाचं काही माहीत होतं असं नाही, पण दुखणं घशातल्या वेदनेचं उरलेलं नसून हवेच्या वाटेचं झालंय हे त्यांना समजलं होतं. आजही घशाच्या रुग्णाकडे बघताना डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. किती दुखतंय हे नंतर, आधी श्वास नीट चाललाय का?

आता युरोपात येऊ. तिथे लहान मुलांना घोगरा खोकला, घसा बंद होणं आणि गुदमरून मृत्यू अशा आजाराला सरसकट 'क्रूप' म्हणत. १८०७ साली नेपोलियनचा लाडका पुतण्या, जेमतेम साडेचार वर्षांचा, त्यात गेला. नेपोलियननं क्रूपवरच्या सर्वोत्तम निबंधाला १२,००० फ्रँकचं बक्षीस लावलं. निबंध आले, बक्षीस वाटलं गेलं, पण मुलं वाचली नाहीत. कारण क्रूप हा एक आजार नव्हताच, तो एका आवाजाला दिलेला शब्द होता.

गुंता सोडवायला सुरुवात केली तूर शहरातल्या पिएर ब्रेतोनो या डॉक्टरनं. १८१८ पासून त्याच्या भागात घशाच्या आजाराची मोठी साथ आली. त्यानं चिकाटीनं शवविच्छेदनं केली आणि पाहिलं की कुणाच्या टॉन्सिलवर, कुणाच्या स्वरयंत्रात, कुणाच्या नाकात जो करडा-पांढरा चिवट पापुद्रा दिसतो तो सगळीकडे एकच आहे. म्हणजे वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे हे आजार मुळात एक. १८२६ च्या ग्रंथात त्यानं त्याला नाव दिलं ते चामडं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, आणि त्यातूनच पुढे डिफ्थेरिया आला. त्याआधी वर्षभर, १८२५ मध्ये, त्यानं चार वर्षांच्या एका मुलीची श्वासनळी उघडून तिला वाचवलं होतं. डिक यांनी जे सुचवलं होतं, तेच.

मराठीत आपण या रोगाला घटसर्प म्हणतो. गंमत म्हणजे गावाकडच्या माणसाला घटसर्प म्हटलं की आधी गाई-म्हशींचा रोग आठवतो. त्यात जनावराचा गळा सुजतो, श्वास घुरघुरतो. त्याचा जिवाणू वेगळाच आहे, डिफ्थेरियाशी त्याचा संबंध नाही. पण गळा सुजून जीव जातो एवढ्या साम्यावर दोघांना एकच नाव पडलं. क्रूपसारखीच ही गोष्ट! आयुर्वेदातही घशात अंकुर वाढून प्राण घेणारा 'रोहिणी' नावाचा कंठरोग सांगितलाय, आणि त्यातलं काही वर्णन घटसर्पाशी जुळतं असं अनेक अभ्यासक मानतात.

नाव मिळालं म्हणून रोग थांबत नाही. १८७८ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या राजवाड्यात घटसर्प शिरला. व्हिक्टोरिया राणीची मुलगी अ‍ॅलिस तिथली ग्रँड डचेस होती. एकेक करून मुलं आजारी पडली, नवराही पडला. चार वर्षांची धाकटी मुलगी गेली. सेवा करता करता अ‍ॅलिसलाही लागण झाली आणि १४ डिसेंबरला ती वारली, वय ३५. वाचलेल्या मुलींपैकी एक पुढे रशियाची शेवटची सम्राज्ञी झाली. राजवाड्यात ही अवस्था, तर चाळीत आणि झोपडीत काय असेल?

यानंतरची सोळा वर्षं मात्र कमालीच्या वेगानं गेली. १८८३ मध्ये एडविन क्लेब्सनं पापुद्र्यात जिवाणू पाहिला. १८८४ मध्ये फ्रीडरिश लोफ्लरनं तो वेगळा वाढवून दाखवला. लोफ्लरला एक कोडं पडलं. जिवाणू सापडतो फक्त घशात, मग बिघाड हृदयात आणि इतर अवयवांत का? त्याचा तर्क असा की जिवाणू घशातच बसून एखादं विष सोडत असावा. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर येरसँ यांनी हे सिद्ध केलं. जिवाणू वाढलेलं द्रावण बारीक गाळणीतून गाळलं, जिवाणू सगळे मागे राहिले, आणि खाली आलेल्या निवळ द्रवानं प्राणी मेले. (हा येरसँ म्हणजे पुढे १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जिवाणू शोधणारा. १८९७ मध्ये प्लेगवरचं सीरम घेऊन तो मुंबईतही येऊन गेला.)

विष आहे तर उतारा हवा. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की विषाची सवय झालेल्या प्राण्याच्या रक्तातलं सीरम दुसऱ्या प्राण्याला वाचवतं. मग प्रश्न उरला प्रमाणाचा. ससे आणि मेंढ्या यांच्यापासून मिळणारं सीरम पुरायचं कुणाला? रूनं घोडे वापरले. घोड्याला विषाचे वाढते डोस द्यायचे, त्याचं शरीर उतारा तयार करतं, मग रक्त काढून सीरम वेगळं करायचं. १८९४ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या एका रुग्णालयात त्यानं ते सरसकट दिलं. तिथे आधी घटसर्पाची निम्म्याहून जास्त मुलं दगावायची, ते प्रमाण साधारण चौथाईवर आलं. त्याच काळात सीरम न वापरणाऱ्या पॅरिसमधल्याच दुसऱ्या रुग्णालयात मृत्यू पूर्वीइतकेच होते, त्यामुळे शंकेला जागा राहिली नाही. १९०१ चं वैद्यकाचं पहिलं नोबेल बेरिंगला मिळालं.

त्याच १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला सीरमचा घोडा जिम याला धनुर्वात झाला. त्याचं दूषित सीरम चुकून वापरलं गेलं आणि १३ मुलं मेली. पुढच्याच वर्षी तिथे लस-सीरमच्या उत्पादनावर देखरेख ठेवणारा कायदा झाला. टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला काही सोडायचं नाही हे आपण शिकतो ते सर्व्हर बंद पडल्यावर, त्यांना ते असं शिकावं लागलं.

पुणेकरांसाठी इथे एक जवळचा धागा आहे. पूनावाला कुटुंबाचा व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात आणि तिथे त्यांच्या रक्तातून सीरम बनत असे. आपण हे स्वतःच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी हडपसरला कंपनी काढली आणि धनुर्वाताच्या सीरमपासून सुरुवात केली. कोविडच्या काळात 'सीरम' हे नाव घराघरात पोचलं, पण ते नाव आलं कुठून हे किती जणांना ठाऊक आहे? हाच तो रूच्या घोड्यांचा वारसा.

सीरम हा झाला लागण झाल्यावरचा इलाज, आणि त्याची एक कडक अट आहे. विष एकदा पेशीत शिरलं की सीरमचा उपयोग नाही. रक्तात फिरणारं विष तेवढं ते पकडतं. म्हणून तासातासाला महत्त्व. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात साथ आली तेव्हा २० गाडीवानांनी कुत्र्यांच्या स्लेजवरून, पाळ्या लावून, हजारभर किलोमीटर सीरम पोचवलं ते याचसाठी. खरा तोडगा म्हणजे लागण व्हायच्या आधीची लस. तीही त्याच सुमारास आली. १९२३ मध्ये गास्ताँ रामाँ यानं फॉर्मॅलिननं विषाचा दात पाडला, पण ओळख शाबूत ठेवली. हा टॉक्सॉइड म्हणजेच आपल्या त्रिगुणी लशीतला 'डी'.

घटसर्पाची गोष्ट अशी सरळ रेषेत जाते. पण घशातला प्रत्येक आजार साथ म्हणून येत नाही, आणि प्रत्येक दुखतोच असंही नाही. त्यासाठी थोडं मागे, १८८७ मध्ये जाऊ. जर्मनीचा युवराज फ्रीडरिश जानेवारीपासून आवाज बसल्याची तक्रार करत होता. महिने गेले, आवाज सुटेना. डॉक्टरांना स्वरतंतूवर गाठ दिसली.

ती दिसली कशी? याचं श्रेय डॉक्टरला नाही, एका गाणं शिकवणाऱ्या मास्तरला जातं. मानुएल गार्सिया या स्पॅनिश गानगुरूला आवाज कुठून आणि कसा निघतो याचं वेड होतं. १८५४ मध्ये त्यानं दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं सूर्यप्रकाश आत पाडला आणि स्वतःचे हलणारे स्वरतंतू पाहिले. तोवर जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना बघणं डॉक्टरांना जवळजवळ अशक्यच होतं. पुढे गार्सिया १०१ वर्षं जगला. रियाज करणाऱ्या मंडळींनी नोंद घ्यावी.

तर युवराजाची गाठ जर्मन डॉक्टरांना कर्करोगाची वाटली आणि मे १८८७ मध्ये शस्त्रक्रियेची तयारीही झाली. एवढ्यात लंडनचे प्रसिद्ध घसातज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावलं गेलं. त्यांनी गाठीचा तुकडा काढला आणि तो पाठवला रुडॉल्फ फिर्खोकडे, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या विकृतिशास्त्रज्ञाकडे. फिर्खोला त्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया थांबली. काही महिन्यांत मात्र कर्करोगाबद्दल शंका उरली नाही. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छेद द्यावा लागला. मार्चमध्ये वडील वारले आणि फ्रीडरिश सम्राट झाला, पण बोलू न शकणारा, चिठ्ठ्या लिहून कारभार करणारा. ९९ दिवसांनी तो गेला आणि गादीवर त्याचा मुलगा विल्हेल्म दुसरा आला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जर्मनीचा सम्राट होता तो हाच. फ्रीडरिश जगला असता तर काय झालं असतं यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

त्या वादात मला पडायचं नाही. मला यातून दिसतं ते असं: एखाद्या तुकड्यात कर्करोग सापडला नाही याचा अर्थ त्या तुकड्यात नाही, एवढाच. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नसतं, टेस्टनं तो भाग तपासलाच नसेल. आणि दुसरं, कित्येक आठवडे बसलेला आवाज हे लक्षण आहे, सवय नव्हे. दिवसभर कॉलवर बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना आवाजाला दोष द्यायला कारणं भरपूर असतात. एसी, चहा, ओरडणं, अ‍ॅसिडिटी. ती बहुतेकदा खरीही असतात. पण तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला, किंवा मानेत न दुखणारी गाठ लागली, किंवा एकाच बाजूला घसा आणि कान दुखत राहिला, तर घशात दुर्बीण घालून बघणाऱ्या ईएनटी डॉक्टरकडे जायचं. सिगारेट, विडी, तंबाखू किंवा दारू असेल तर आणखी लवकर. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे, पण पानटपरीसमोरची गर्दी बघून ते लक्षात येत नाही हे मी सांगायला नको.

आता राहिला तो सगळ्यात कपटी प्रकार. घसा दुखतो, ताप येतो, चार-पाच दिवसांत सगळं आपोआप बरं होतं. आणि मग दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपांना इजा होते. याला म्हणतात ऱ्हुमॅटिक फीवर, संधिवाताचा ताप. यात गोंधळ असा की हृदय बिघडतं तेव्हा घसा केव्हाच बरा झालेला असतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध लावायलाच पिढ्या गेल्या. दोषी ठरला स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी त्याचे गट पाडले. माणसाचा घसा धरणारा मुख्यतः 'ए' गट. हा जिवाणू स्वतः हृदयात जाऊन बसत नाही. त्याच्याशी लढायला तयार झालेली आपलीच फौज चुकून आपल्या झडपांवर तुटून पडते.

पुरावा आला एका लष्करी तळावरून. अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर कोवळे सैनिक दाटीवाटीनं बरॅकमध्ये राहत आणि घशाच्या साथी सतत चालू. १९४९ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी जवळजवळ ८०० जणांना पेनिसिलिन दिलं आणि तेवढ्याच जणांना दिलं नाही. दिलेल्यांत ऱ्हुमॅटिक फीवरचे २ रुग्ण निघाले, न दिलेल्यांत १७. घशावर उपचार करून हृदय वाचवता येतं हे तेव्हा कळलं. शिवाय घसा दुखायला लागल्यापासून साधारण नऊ दिवसांत औषध सुरू झालं तरी चालतं हेही नंतर दिसलं. म्हणजे घाबरून त्याच रात्री गोळी गिळायची गरज नाही, डॉक्टरला दाखवायला वेळ असतो. भारतात ऱ्हुमॅटिक हृदयविकार आजही संपलेला नाही. तरुण वयात झडप बदलावी लागलेला कुणीतरी तुमच्याही नात्यात किंवा गावात असेल. तो बहुधा त्याच्या लहानपणीच्या "काही नाही, घसा दुखतोय"चा हिशोब असतो.

"मग आम्ही अझिथ्रो घेतो त्यात काय वाईट?" असं तुम्ही म्हणाल. एक तर मोठ्या माणसांमध्ये स्ट्रेपचा घसा दहातल्या एखाद्याचाच, मुलांमध्ये जरा जास्त. बाकी बहुतेक विषाणू, आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. तीन दिवसांत बरं वाटतं, पण ते गोळीशिवायही वाटलं असतं. दुसरं म्हणजे, स्ट्रेपवर इतक्या वर्षांनंतरही पेनिसिलिन गटाचीच औषधं पहिली पसंती आहेत, आणि कोर्स दहा दिवसांचा असतो. पेनिसिलिन अजून चालतं, अझिथ्रोमायसिनला मात्र दाद न देणारे स्ट्रेप जगभर सापडतात. म्हणजे ड्रॉवरमधली पट्टी दहापैकी नऊ वेळा फुकट जाते आणि दहाव्या वेळी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हाही तिची खात्री नाही.

मग ओळखायचं कसं? १९८१ मध्ये रॉबर्ट सेंटर या अमेरिकन डॉक्टरनं एक सोपं गणित मांडलं. ताप, टॉन्सिलवर पांढरे डाग, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. प्रत्येकाला एक गुण. शून्य-एक असेल तर स्ट्रेपची शक्यता फार कमी. तीन-चार असतील तर डॉक्टरकडे जाऊन घशाची तपासणी करून घ्यायची. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुतेक विषाणूच. चार इफ-एल्स, एवढंच. अर्थात हे डॉक्टरच्या मदतीला आहे, डॉक्टरऐवजी नाही.

साध्या घशाचं काय करायचं ते आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, विश्रांती, आवाजाला आराम, दुखणं-ताप असेल तर पॅरासिटामॉल. आठवड्याभरात बरं होतं. मात्र पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही, थेट मोठं रुग्णालय: श्वास घेताना घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज, स्वतःची लाळही गिळता न येणं, तोंड पुरतं न उघडणं, एका बाजूला टॉन्सिल फुगून आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येणं (तिथे पू साठलेला असू शकतो), मान भरून सुजणं. मूल पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून, लाळ गाळत बसलं असेल तर त्याला आडवं करू नका आणि चमचा घालून घसा बघायला जाऊ नका. बसवूनच न्या. वॉशिंग्टनचा आजार तो हाच. मुलांमध्ये तो बहुतेक हिब नावाच्या जिवाणूनं होत असे. हिबची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०११ पासून टप्प्याटप्प्यानं पंचगुणी लशीतून आली.

आणि घटसर्प? तो गेला असं समजून आपण मोकळे झालोय, इथेच घोळ आहे. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला, लसीकरण विस्कटलं आणि तिथे घटसर्प परत आला. दीड लाखाच्या वर रुग्ण, सुमारे ५,००० मृत्यू, आणि रुग्णांत मोठी माणसं भरपूर. कारण लहानपणीच्या लशीचा जोर वर्षांगणिक ओसरतो. भारतात त्रिगुणी लस राष्ट्रीय कार्यक्रमात १९७८ पासून आहे, तरी जगातल्या घटसर्पाच्या नोंदींत आपला वाटा मोठा राहिलाय. हल्लीचे बरेच रुग्ण पाच वर्षांच्या पुढचे, म्हणजे लस अर्धवट राहिलेले किंवा बूस्टर न घेतलेले. २०१८ च्या सप्टेंबरात दिल्लीत घटसर्पानं मुलं दगावली, तेव्हा सीरमचाच तुटवडा होता. रूच्या प्रयोगाला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती.

इथे एक तांत्रिक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५१ मध्ये व्हिक्टर फ्रीमननं दाखवलं की घटसर्पाचा जिवाणू मुळात विषारी नसतो. त्याला एका विषाणूची लागण झाली की विष बनवायचा कोड त्याला मिळतो. घातकी प्लगिन म्हणा ना! आणि आपली लस विषाविरुद्ध आहे, जिवाणूविरुद्ध नाही. लस घेतलेल्याच्या घशातही तो गुपचूप राहू शकतो. म्हणून शेजारच्यांनी घेतली आहे ना, मग आपल्या मुलाला कशाला, हा हिशोब इथे फारसा चालत नाही. ज्याची त्यानं घ्यावी लागते.

तेव्हा या विकांताला एक काम करा. घरात मूल असेल तर लसीकरणाचं कार्ड काढा. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर झालाय का ते बघा. १० आणि १६ व्या वर्षी टीडी असते, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पही. ती शाळेच्या आणि परीक्षांच्या धावपळीत हमखास राहते. आपल्यासारख्या मोठ्यांनी शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर डॉक्टरला विचारा. आणि ड्रॉवरमधली ती पट्टी कुणाला वाटू नका.